शिल्लक रजा म्हणजे थकलेली मजुरी

(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



नोकरी सोडणाऱ्या कामगाराच्या हाती शेवटच्या दिवशी एक कागद ठेवला जातो. कामगारांच्या भाषेत त्याला 'हिशेब' म्हणतात. त्यात चालू महिन्याचा पगार असतो, असल्यास बोनस असतो, सेवा पुरेशी झाली असेल तर ग्रॅच्युइटी असते. आणि कागदाच्या तळाशी एक ओळ असते: 'माझे सर्व येणे मिळाले असून यापुढे माझी कोणतीही मागणी राहिलेली नाही.' त्या ओळीखाली रेव्हेन्यू स्टँप चिकटवलेला असतो. कामगार सही करतो, पैसे मोजून घेतो आणि फाटकाबाहेर पडतो. त्या कागदावर शिल्लक रजेच्या पगाराची ओळ आहे की नाही, हे तो बहुधा पाहत नाही. पाहिले आणि ती नसली, तरी विचारण्याचे धाडस त्याला होत नाही. कारण ही रक्कम आपल्या हक्काची आहे की मालकाच्या मर्जीची, याविषयी त्याच्या मनात खात्री नसते.

प्रॉव्हिडंट फंडाविषयी तो असा गोंधळलेला नसतो. त्या रकमेचा खाते क्रमांक त्याला ठाऊक असतो. ग्रॅच्युइटीविषयी संघटनांनी अनेक वर्षे प्रचार केल्यामुळे पाच वर्षांचा हिशेब त्याला तोंडपाठ असतो. रजेला मात्र असे स्वतंत्र खाते नाही. तिची नोंद मालकाच्या वहीत, त्याच्याच कारकुनाच्या हातची असते. म्हणूनच कामगाराच्या सर्व येण्यांपैकी सर्वांत सहज बुडवता येणारे येणे कोणते, असा प्रश्न केला तर शिल्लक रजेचा पगार हेच उत्तर द्यावे लागते.

हा प्रश्न किरकोळ आहे असे मानण्याची चूक पुष्कळ कार्यकर्तेही करतात. वेतनवाढ, कायमपण, महागाई भत्ता या मोठ्या मागण्यांपुढे दहापंधरा दिवसांच्या पगाराची काय मातब्बरी, असा त्यांचा समज असतो. तेव्हा आकडेमोडीपासूनच आरंभ करणे योग्य होईल. भारतातील कारखाना कायद्याने प्रौढ कामगारासाठी जे प्रमाण ठरवले ते असे की, प्रत्येक वीस दिवसांच्या कामामागे एक दिवसाची भरपगारी रजा. वीसास एक म्हणजे शेकडा पाच. याचा सरळ अर्थ असा की, कामगाराच्या प्रत्येक दिवसाच्या मजुरीला आणखी पाच टक्के मजुरी जोडलेली आहे. फक्त ती त्याच दिवशी त्याच्या हातात पडत नाही. समजा, एखाद्या कारखान्यात कंत्राटदाराच्या हाताखाली दोनशे माणसे आहेत, रोज ५०० रुपये मजुरी आहे आणि अकरा महिन्यांत प्रत्येकाचे २६० दिवस भरले. प्रत्येकाची रजा तेरा दिवस होते, तिचे मोल ६,५०० रुपये. अकरा महिने संपताच सर्वांना घरी पाठवले आणि हिशेबात रजा धरली नाही, तर एका झटक्यात तेरा लाख रुपये मजुरांच्या खिशातून कंत्राटदाराच्या खिशात जातात. मजुरीत उघड पाच टक्के कपात केली असती तर फाटकावर सभा झाली असती. तीच कपात रजेच्या वाटेने होते तेव्हा कोणाला पत्ताही लागत नाही.

येथे विचाराचा मूळ मुद्दा येतो. भरपगारी रजा ही बक्षिसी आहे की मजुरी? मालकवर्गाची जुनी भूमिका अशी की, कामगार ताजातवाना होऊन परत यावा म्हणून रजा द्यायची. जो परत येणारच नाही, त्याला रजा कशासाठी आणि तिचा मोबदला तरी कशासाठी? हा युक्तिवाद वरवर तर्कशुद्ध भासतो. परंतु रजा कशातून निर्माण होते हे पाहिले की तो कोसळतो. रजा भविष्यातील कामासाठी दिली जात नाही. ती झालेल्या कामातून साठत जाते. काम करून झालेले आहे, त्याचा माल बाजारात विकला गेला आहे, नफा मालकाच्या खात्यात जमा झाला आहे. कामगाराचा पाच टक्के हिस्सा तेवढा मालकाकडे पडून राहिलेला आहे. अर्थशास्त्राच्या भाषेत हे कामगाराने मालकाला दिलेले बिनव्याजी कर्ज होय. देणेकरी आणि घेणेकरी यांचा संबंध तुटतो त्या दिवशी कर्ज फिटले पाहिजे. संबंध तुटला म्हणून कर्ज बुडाले, असे कोणताही सावकार म्हणणार नाही.

हे तत्त्व केवळ समाजवाद्यांनी मांडलेले नाही. अमेरिकेत भरपगारी रजा देण्याचे बंधन घालणारा राष्ट्रीय कायदाच नाही. परंतु त्याच देशातील कॅलिफोर्निया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये असा निर्णय दिला की, रजेचा पगार ही पुढे ढकललेली मजुरी आहे. काम होत जाते तसतसा तो हक्क पक्का होत जातो आणि नोकरी संपताना तो हिरावून घेता येत नाही. भांडवलशाहीच्या बालेकिल्ल्यात जी गोष्ट मान्य होते, ती भिवंडीच्या किंवा चाकणच्या फाटकावर उच्चारण्यास संकोच वाटण्याचे कारण नाही.

विश्रांतीचा हक्क कामगाराला कोणी सुखासुखी दिलेला नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टीसुद्धा नव्हती, त्या काळात महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये सभा घेतल्या, हजारो कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे धाडला. रविवारची सुट्टी पदरात पडायला १८९० साल उजाडावे लागले. ती सुट्टी बिनपगारी होती हे विसरता कामा नये. पगारासह रजा ही त्यापुढची पायरी होती. १९३६ च्या जून महिन्यात फ्रान्समध्ये लाखो कामगार कारखाने ताब्यात घेऊन बसले असताना लेऑं ब्लूम यांच्या लोकआघाडी सरकारने दोन आठवड्यांच्या भरपगारी रजेचा कायदा केला. त्याच महिन्यात जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने भरपगारी रजेचा पहिला करार संमत केला. हिंदुस्थानात ही कल्पना कायद्यात उतरली ती १९४५ च्या दुरुस्तीने. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखाते सांभाळत होते. त्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील प्रौढ कामगाराला वर्षाच्या सेवेनंतर दहा दिवसांची भरपगारी रजा मिळू लागली. स्वातंत्र्यानंतर आलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्याने तिची व्याप्ती आणि प्रमाण वाढवले.

नोकरी संपताना काय व्हावे, या प्रश्नाचा प्रवासही उद्बोधक आहे. १९३६ च्या आंतरराष्ट्रीय कराराने रजेचा मोबदला दिला तो मालकाच्या कारणाने कामावरून काढलेल्या माणसाला. १९७० च्या सुधारित कराराने ही अट गाळली. नोकरी कोणत्याही कारणाने संपो, किमान सेवा झालेली असेल तर तिच्या प्रमाणात रजा किंवा तिचा मोबदला मिळाला पाहिजे, असे तत्त्व त्याने प्रस्थापित केले. रजेवर पाणी सोडण्याचा करार केला तरी तो रद्दबातल मानावा, असेही त्यात म्हटले आहे. भारताने या कराराला अद्याप मान्यता दिलेली नाही. तरीही या एका बाबतीत आपला १९४८ चा कायदाही पुढे त्याच तत्त्वापर्यंत पोहोचला, ही अभिमानाची गोष्ट आहे.

त्या कायद्याच्या ७९ व्या कलमात काय होते, हे कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. कारण नवा कायदाही त्याच चौकटीवर उभा आहे. वर्षात २४० दिवस काम भरले की रजेचा हक्क निर्माण होई. परंतु कामगाराला कमी केले, बडतर्फ केले, त्याने स्वतः नोकरी सोडली, तो निवृत्त झाला किंवा मरण पावला, तर २४० दिवस पूर्ण झालेले नसले तरीही झालेल्या कामाच्या प्रमाणात रजेचा पगार देणे मालकावर बंधनकारक होते. कमी केल्यास, बडतर्फ केल्यास किंवा कामगाराने नोकरी सोडल्यास ही रक्कम दुसरा कामाचा दिवस संपण्यापूर्वी द्यायची. निवृत्ती किंवा मृत्यू असेल तर दोन महिन्यांच्या आत. येथे बडतर्फीचाही समावेश आहे, हे लक्षात घ्यावे. गैरवर्तनाच्या आरोपावरून काढलेल्या माणसाची रजासुद्धा कायद्याने जप्त केली नाही. कारण उघड आहे: त्याने जे दिवस काम केले ते केलेच होते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने चार श्रमसंहिता अमलात आणल्या आणि १९४८ चा कारखाना कायदा इतिहासजमा झाला. या संहितांवर समाजवादी चळवळीचे अनेक गंभीर आक्षेप आहेत आणि ते कायम आहेत. परंतु आक्षेप घेताना हाती आलेले हत्यार टाकून देऊ नये. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहितेच्या ३२ व्या कलमाने वीसास एक हे प्रमाण कायम ठेवले आहे, २४० दिवसांची अट १८० दिवसांवर आणली आहे आणि नोकरी संपल्यावर शिल्लक रजेचा पगार देण्याची तरतूदही ठेवली आहे. वेतन संहितेने तर राजीनामा दिलेल्या किंवा काढलेल्या कामगाराचे वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकते करण्याचे बंधन घातले आहे. त्याच संहितेनुसार दावा तीन वर्षांपर्यंत दाखल करता येतो, आणि वेतन दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. कायद्याने दिलेल्या रकमेवर पाणी सोडण्याचा करार तेथेही निरर्थक ठरवला आहे. तेव्हा 'सर्व येणे मिळाले' या ओळीखाली सही झाली म्हणजे सारे संपले, असे समजून कामगाराला परत पाठवणारा कार्यकर्ता कायद्याला आणि कामगारालाही न्याय देत नाही.

कायदा इतका स्पष्ट असताना हक्क गळतो कोठे? त्याच्या गळतीच्या जागा चार आहेत.

पहिली जागा रजेच्या वहीची. रजेची नोंद ठेवणे मालकाचे कर्तव्य आहे. परंतु अनेक लहान कारखान्यांत ही वही निरीक्षकाला दाखवण्यापुरती लिहिली जाते. कामगार गावी गेला, आजारी पडला, किंवा काम नाही म्हणून त्यालाच घरी बसवले, ते सारे दिवस 'रजा घेतली' म्हणून मांडले जातात. वस्तुतः मालकाने काम न दिल्यामुळे गेलेले दिवस आणि बाळंतपणाच्या रजेचे दिवस कामाच्या भरतीत धरावे असे कायदा सांगतो. त्या दिवसांवर नवी रजा साठत नाही, पण १८० दिवसांच्या मोजणीत ते गणले जातात. वही कामगाराच्या डोळ्यांपुढे कधी येतच नसल्याने हा फरक त्याला कळत नाही.

दुसरी जागा तोंडी नकाराची. पुढच्या वर्षात नेता येणाऱ्या रजेला तीस दिवसांची मर्यादा आहे. त्यावरची रजा मालक बुडीत म्हणून लिहितो. परंतु कामगाराने रीतसर अर्ज केला आणि तो नाकारला गेला, तर नाकारलेली रजा कोणत्याही मर्यादेशिवाय पुढे चालू राहते, हे तत्त्व जुन्या कायद्यात होते आणि नव्या संहितेतही आहे. अडचण अशी की, अर्ज बहुधा तोंडी असतो आणि नकारही तोंडीच. 'सध्या ऑर्डर मोठी आहे, दिवाळीनंतर बघू' असे मुकादम म्हणतो आणि दिवाळी येते तेव्हा नवी ऑर्डर आलेली असते. अर्ज कागदावर नसेल तर नकारही कागदावर नसतो आणि मर्यादेपलीकडची रजा पुराव्याअभावी मरते.

तिसरी जागा सेवेतील खंडाची. अकरा महिन्यांनी माणसाला 'ब्रेक' द्यायचा आणि आठवड्याने नव्या नावाने, नव्या कंत्राटदाराकडे पुन्हा घ्यायचे, ही रीत महाराष्ट्रातील प्रत्येक औद्योगिक वसाहतीत परिचयाची आहे. यंत्र तेच, मुकादम तोच, माणूस तोच. पण कागदावर नोकरी संपलेली असते. गंमत अशी की, ज्या क्षणी मालक म्हणतो की नोकरी संपली, त्या क्षणी रजेच्या पगाराचे देणे उभे राहते! प्रत्येक 'ब्रेक' हा कायद्याच्या दृष्टीने हिशेबाचा दिवस आहे. कायमपण नाकारण्यासाठी खंड दाखवायचा आणि रजेचे देणे चुकवण्यासाठी तो विसरायचा, असे दोन्हीकडून मालकाला करता येऊ नये. कंत्राटदार पळून गेला तर मूळ मालकाकडे वेतन मागता येते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातील ही तरतूद नव्या संहितेतही टिकली आहे. तिचा उपयोग मात्र फार थोड्या ठिकाणी होतो.

चौथी जागा कायद्याच्या कुंपणाबाहेरची. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागाच्या शेडमध्ये एकाच छपराखाली निरनिराळ्या नावांनी पाचसात मागांचे तुकडे पाडले की प्रत्येक तुकडा कायद्याच्या मर्यादेखाली जातो. दुकाने आणि आस्थापनांचेही तेच. १९४८ च्या मुंबई दुकाने कायद्यात वर्षाला एकवीस दिवसांची रजा आणि बेचाळीस दिवसांपर्यंत साठवण होती. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्याने साठवण पंचेचाळीस दिवसांवर नेली, परंतु तो कायदा मुळात दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरता केला. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती मर्यादा वीसवर नेण्यास मंजुरी दिली. रजेचे दिवस वाढवायचे आणि रजा मिळणारी माणसे कमी करायची, अशी ही दानत आहे.

आता या चित्राशेजारी दुसरे चित्र ठेवून पाहावे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला निवृत्तीच्या वेळी शिल्लक अर्जित रजेचे रोखीकरण १९७७ पासून मिळू लागले. तेव्हा मर्यादा १८० दिवसांची होती. १९८६ मध्ये ती २४० आणि १९९७ मध्ये ३०० दिवसांवर गेली. खाजगी नोकरदाराला निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या अशा रकमेवरील आयकरसवलतीची मर्यादा २०२३ मध्ये तीन लाखांवरून पंचवीस लाखांवर नेण्यात आली. सरकारी कर्मचाऱ्याने लढून मिळवलेल्या हक्काचा मत्सर करण्याचे कारण नाही. तो हक्क सर्वांपर्यंत कसा न्यावा, हा खरा प्रश्न आहे. एका बाजूला पंचवीस लाखांपर्यंतच्या रजेच्या पगारावर कर नको म्हणून राज्यसंस्था काळजी वाहते आणि दुसऱ्या बाजूला साडेसहा हजारांची रजा बुडते तेव्हा तिच्या निरीक्षकाला तेथे जायला वेळ नसतो, ही विषमता बोलकी आहे.

शिवाय सरकारी नियमांतही बक्षिसीची जुनी कल्पना डोकावतेच. केंद्रीय कर्मचारी निवृत्त झाला तर त्याला ३०० दिवसांपर्यंतचा मोबदला मिळतो. राजीनामा दिला तर शिल्लक रजेच्या निम्म्याचा, आणि तोही जास्तीत जास्त दीडशे दिवसांचा. काम दोघांनी सारखेच केले. मग शेवटपर्यंत थांबलेल्याची मजुरी पूर्ण आणि मध्येच गेलेल्याची निम्मी, हा न्याय कोणता? न्यायालये मात्र हळूहळू या कल्पनेपासून दूर जात आहेत. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झारखंडच्या एका प्रकरणात निवृत्तिवेतन, ग्रॅच्युइटी आणि रजेचा मोबदला ही राज्यघटनेच्या ३००अ कलमाखालील मालमत्ता मानली आणि कायद्याच्या आधाराशिवाय ती रोखून धरता येणार नाही, असा निर्वाळा दिला. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ग्रामीण बँकेतून राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्यांच्या बाबतीत हेच तत्त्व लावले आणि रजेचा मोबदला हा वेतनासारखाच आहे असे म्हटले. मालमत्तेच्या हक्काचा उच्चार आजवर जमीनदार आणि गिरणीमालक करीत आले. कामगाराची घामातून साठलेली रजाही मालमत्ताच आहे, हे न्यायालयाने मान्य करावे, यात काळाची पावले दिसतात.

परंतु येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. रजेचा पगार मागता मागता रजाच विकण्याची सवय चळवळीला लागू नये. नव्या संहितेने वर्षाच्या अखेरीस कामगाराने मागितल्यास शिल्लक रजेचे पैसे देण्याची सोय केली आहे. ज्याच्या घरी मुलीची फी भरायची आहे आणि दुकानदाराची उधारी थकली आहे, तो माणूस ही सोय आनंदाने घेईल. त्याला दोष देता येणार नाही. पण वर्षामागून वर्षे सारी रजा विकणारा कामगार वस्तुतः जादा काम करीत असतो आणि जादा कामाचा दुप्पट दर मात्र त्याला मिळत नाही. लोखंडे यांनी मागितली ती विश्रांती होती. फ्रान्समधील कामगारांनी १९३६ च्या उन्हाळ्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला, तो रजेमुळे. तिच्या बदल्यात मिळालेल्या नाण्यांमुळे नव्हे. युरोपीय संघाच्या २००३ च्या निर्देशाने ही सीमारेषा नेमकी आखली आहे: किमान वार्षिक रजेऐवजी पैसे देता येणार नाहीत, अपवाद फक्त नोकरी संपण्याचा. नोकरी चालू असेतो विश्रांती, आणि नोकरी संपल्यावर तिचा पूर्ण मोबदला. हे सूत्र आपल्या संघटनांनी स्वीकारावे. नोकरी सोडताना रजेचा पगार मागणे हे विश्रांतीच्या हक्काविरुद्ध नाही. उलट शेवटी पैसे द्यावेच लागणार हे ठाऊक असलेला मालकच कामगाराला वेळेवर रजा देईल.

याच संघाच्या न्यायालयाने २०१८ मध्ये आणखी एक पाऊल टाकले. कामगाराने रजा मागितली नाही, एवढ्यावरून ती बुडत नाही; रजा घेण्याची खरीखुरी संधी आपण दिली होती, हे मालकाने दाखवले पाहिजे, असे त्या न्यायालयाने ठरवले. आपल्याकडे तोंडी नकाराने बुडणाऱ्या रजेच्या संदर्भात हा दंडक फार मोलाचा आहे.

सर्वांत अवघड प्रसंग म्हणजे धंदाच बुडतो तो. १९८२ च्या संपानंतर एकामागून एक बंद पडत गेलेल्या गिरण्यांच्या दारात थकबाकीसाठी झिजणारी माणसे मुंबईने पाहिली आहेत. कंपनी कायद्याने कामगारांच्या येण्यात साठलेल्या रजेच्या पगाराचा स्पष्ट उल्लेख केला आहे, आणि २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने मालमत्ता विकून येणाऱ्या पैशांत कामगारांच्या चोवीस महिन्यांच्या येण्याला तारण घेतलेल्या बँकांच्या बरोबरीचे स्थान दिले आहे. हे स्थान कागदावर चांगले दिसते. परंतु प्रॉव्हिडंट फंडाची रक्कम मालकाच्या मालमत्तेपासून वेगळी ठेवलेली असते, म्हणून ती या वाटपातून वाचते. रजेचा पगार वेगळा ठेवलेला नसतो. तो मालकाच्याच तिजोरीत, त्याच्याच खेळत्या भांडवलात मिसळलेला असतो. तिजोरी रिकामी झाली की रजाही गेली.

यावर उपाय परदेशातून आणण्याची गरज नाही. तो महाराष्ट्राने स्वतःच शोधून काढला आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यातून १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. ज्या हमालाला सकाळी एक व्यापारी आणि दुपारी दुसरा, त्याला रजा देणार कोण, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता. कायद्याने उत्तर दिले: मजुरीबरोबरच मजुरीच्या प्रमाणात लेव्ही मंडळात भरा. त्या लेव्हीतून माथाड्याचा प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, बोनस आणि भरपगारी रजा यांची तरतूद मंडळ करते. मालक बदलला तरी हक्क बदलत नाही, कारण हक्काचा पैसा मालकाकडे राहतच नाही. जर्मनीत बांधकाम मजुरांच्या रजेसाठी असाच सामाईक निधी अनेक दशके चालू आहे. कंत्राटी कामगार, यंत्रमाग कामगार आणि लहान दुकानांतील नोकर यांच्यासाठी माथाडी मंडळाच्या धर्तीवर रजानिधी उभारावा, मजुरीच्या पाच टक्के रक्कम दरमहा त्यात भरली जावी आणि कामगाराच्या नावे तिचे खाते असावे, ही मागणी पक्षाच्या कामगार कार्यक्रमात आली पाहिजे. मालकांवर हा नवा बोजा नाही. जे पाच टक्के ते आजही देणे लागतात, तेच वेळच्या वेळी आणि तिऱ्हाइताच्या हाती द्यायचे आहेत. ज्यांची मोडस ऑपरेंडी देणे बुडवण्याचीच आहे, तेवढ्यांनाच याचे दुःख होईल.

मागणी पुढची झाली. आज करण्याजोगी कामेही आहेत. प्रत्येक शाखेने आपल्या भागातील कामगारांना रजेचा अर्ज लेखी करण्याची आणि त्याची पोच घेण्याची सवय लावावी. पोच मिळत नसेल तर अर्ज टपालाने पाठवावा, मोबाइलवर त्याचे छायाचित्र ठेवावे. वर्षाच्या आरंभी प्रत्येकाची शिल्लक रजा लेखी कळवण्याची मागणी संघटनेने व्यवस्थापनाकडे करावी आणि करारात तसे कलम घालून घ्यावे. हिशेबाच्या दिवशी कामगाराबरोबर एक जाणता माणूस असावा. त्याने कागदावर तीनच गोष्टी पाहाव्यात: कामाचे दिवस किती धरले, त्यांना वीसाने भागून रजा किती काढली आणि कोणत्या मजुरीने तिचे पैसे केले. भागाकारात अर्धा किंवा अधिक दिवस उरला तर पूर्ण धरायचा, अर्ध्याहून कमी असेल तर सोडायचा. १९४८ च्या कायद्यातील रीत हीच होती. ओळच नसेल तर सही करताना 'रजेचा पगार मिळालेला नाही' एवढे शब्द आपल्या हाताने लिहावेत. पैसे अडले म्हणून माणूस बिनशर्त सही करून आला असेल, तरी त्याला रागावू नये. तीन वर्षांची मुदत मोजून दावा लिहायला बसावे.

मरण पावलेल्या कामगाराच्या घरी जाणे हे यातले सर्वांत महत्त्वाचे काम आहे. त्याच्या विधवेला फंडाचे कागद कोणी ना कोणी भरून देतो. शिल्लक रजेचा पगार दोन महिन्यांत वारसाला मिळायचा असतो, हे तिला कोणी सांगत नाही. नवऱ्याने कधी घेतली नाही ती विश्रांती, तिचे पैसे तरी तिच्या हाती पडावेत, एवढी किमान माणुसकी चळवळीने पाळलीच पाहिजे.

मोठे लढे मोठ्या मागण्यांवर उभे राहतात हे खरे. परंतु संघटनेवरचा विश्वास अशा लहान हिशेबांतून बसतो. ज्या कामगाराला तेरा दिवसांचा बुडालेला पगार संघटनेने मिळवून दिला, तो पुढच्या नोकरीत पहिल्याच महिन्यात रजेची वही दाखवा म्हणून विचारील. त्याच्याशेजारी उभा असलेला दुसराही मग विचारील. वही उघडायला लागणे, ही त्या कारखान्यातील लोकशाहीची सुरुवात असेल.